एक्क्याण्णवावा गळा

कुठलीही संख्या माझ्यासमोर आणा. ती मूळ आहे की संयुक्त, हे मी चहा निवायच्या आत सांगतो! ही बढाई नाही. विमा कंपनीत वीस वर्षं आकड्यांत काढलेल्या माणसाचा हा साधा आत्मविश्वास आहे. ज्यांनी शाळा सुटल्यावर गणिताचं तोंड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंधरा माणसं घ्या, पाच-पाचच्या तीन ओळी होतात. म्हणजे पंधरा ही संयुक्त. आता सतरा माणसं घ्या आणि करा सारख्या ओळी. डोकं आपटलंत तरी होणार नाहीत. एकतर सगळे एका रांगेत, नाहीतर एकामागे एक. म्हणून सतरा ही मूळ. झालं, एवढंच आहे ते.

तर आमच्या भागात एक समूहगान मंडळ आहे. बायको त्यात गाते. माझा गळा कसा आहे हे मंडळाने एकदाच ऐकलं आणि मला व्यवस्थापक केलं. गाणं शिकवायला एक बाई आहेत, अंगाने किरकोळ आणि आवाजाने अशा की, शेवटच्या ओळीतला माणूससुद्धा जांभई गिळतो. नव्या सभागृहाच्या उद्घाटनाला आमचं गाणं ठरलं आणि बाईंनी फर्मान काढलं.

"सगळ्या ओळी सारख्या पाहिजेत. एक ओळ लांब, एक आखूड, असलं मला चालणार नाही. स्टेजवर एका ओळीत चौदाच्या वर माणसं मावत नाहीत आणि पायऱ्या दहा आहेत. आपण किती जण?"

"एक्क्याण्णव," मी म्हणालो.

"मग लावा ओळी."

मी डोळे मिटले. आता पद्धत बघा. दहा दाहे शंभर, एक्क्याण्णव त्याच्या आतली. म्हणजे दहाच्या आतल्या मूळ संख्या तपासल्या की पुरे: दोन, तीन, पाच आणि सात. दोनने जात नाही, विषम आहे. तीनने नाही, कारण नऊ आणि एक दहा. पाचने नाही, शेवटी एक आहे. राहिला सात. सातचा पाढा मी मनात सरसर म्हटला. साती आठे छप्पन्न, साती नवे त्रेसष्ट, साती दाहे सत्तर. संपला पाढा. एक्क्याण्णव कुठेच नाही!

"बाई, वाईट बातमी आहे," मी म्हणालो. "एक्क्याण्णव ही मूळ संख्या आहे. देव आला तरी हिच्या सारख्या ओळी होणार नाहीत."

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

"मग?" बाई म्हणाल्या.

"एक माणूस कमी करा. नव्वद. दहा-दहाच्या नऊ ओळी."

"ठीक आहे. जो सगळ्यात शेवटी आला तो कमी."

मी मान डोलावली. मग बायकोचं तोंड पाहिलं. मग आठवलं की मंडळात सगळ्यात शेवटी आलेला माणूस म्हणजे माझे सासरे.

बाबा आमच्याकडेच राहतात. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली. "थांबा, जोडून देतो," हे वाक्य अख्ख्या शहराने ऐकलं होतं, पण तो आवाज कुणाचा हे कुणी पाहिलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर ते एकदा म्हणाले होते, "जावईबापू, एकदा तरी लोकांनी माझा आवाज माझ्या तोंडासकट ऐकावा." मंडळात घेतलं तेव्हा त्यांनी नवे बूट आणले आणि घरातल्या घरात घालून फिरायला लागले.

त्या संध्याकाळी ते बूट पुन्हा खोक्यात गेले. बाबा एक शब्द बोलले नाहीत. बायको बोलली, आणि सगळ्यांच्या वाटचं बोलली.

"अहो, माझ्या बापाला तुम्ही बाहेर काढलंत?"

"मी नाही. गणिताने काढलं."

"गणित इथे जेवायला येत नाही. तुम्ही येता."

आतल्या खोलीत बाबांनी रक्तदाबाचं यंत्र दंडाला बांधलं होतं. डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं की छाती धडधडली की काहीतरी सावकाश म्हणत बसा. बाबा पाढे म्हणतात. बारापर्यंतचे फार सोपे पडतात म्हणून तेरापासून सुरू करतात. भिंतीपलीकडून आवाज येत होता, "तेरा चोक बावन्न... तेरा पाचे पासष्ट... तेरा सक अठ्ठ्याहत्तर..."

"बाबा, जरा मनातल्या मनात म्हणा ना," मी ओरडलो. "मी इथे महत्त्वाचा हिशोब करतोय."

बाबा गप्प झाले. आणि मला तोडगा सापडला! माणूस कमी कशाला करायचा? माणसं वाढवायची! ब्याण्णव केले तर तेवीसच्या ओळी, मावत नाहीत. त्र्याण्णवला एकतीसच्या, चौऱ्याण्णवला सत्तेचाळीसच्या, पंच्याण्णवला एकोणीसच्या. पण शहाण्णव! बारा-बाराच्या आठ ओळी, अशा की बघणाऱ्याने कौतुक करावं. फक्त पाच गळे हवे होते.

"पाच माणसं आणा," बायको म्हणाली, "नाहीतर त्या दिवशी मीही गाणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी वेड्यासारखा फिरलो. लाँड्रीवाला तयार झाला, त्याला दुकान बंद ठेवायला निमित्तच हवं होतं. दातांच्या डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, कारण त्या वेळी माझं तोंड उघडं होतं आणि मला नीट काही सांगता येत नव्हतं. त्यांना वाटलं, साधं ऐकायला बोलावतोय. त्यांची नर्स त्यांच्यामागे आली. शेजारचा व्यायामशाळेचा मास्तर आला. पाचवा मिळेना, म्हणून मी ऑफिसात साहेबांसमोर सहज विषय काढला.

"मी गातो," साहेब म्हणाले.

वीस वर्षांत हे मला कळलं नव्हतं. तालमीला ते गायले तेव्हा का कळलं नव्हतं तेही समजलं. बाईंनी पाचही जणांचा आवाज ऐकला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "तुम्ही फक्त तोंड हलवायचं."

तरी शहाण्णव झाले होते! बाबांनी खोक्यातून बूट काढले. मी घरात छाती काढून फिरत होतो, एवढ्यात साहेबांचा फोन आला.

"आमच्या मिसेसही येतायत. त्यांनाही तोंड हलवायला आवडेल."

सत्त्याण्णव! मी तिथेच उभ्याने तपासलं. दोन नाही, तीन नाही, पाच नाही, सातच्या पाढ्यात नाही. मूळ! बायकोला सांगितलं तर तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे पुन्हा बाबा?"

"छे. साहेबांच्या मिसेसना नको म्हणतो."

"आणि सोमवारी ऑफिसला कुठल्या तोंडाने जाता?"

तेही खरंच होतं. मग मीच साहेबांना फोन करून विचारलं, अजून कुणी आहे का घरात? त्यांच्या सासूबाई होत्या. अठ्ठ्याण्णव. सम संख्या, अर्धे केले की एकोणपन्नास, आणि साती साते एकोणपन्नास! म्हणजे चौदा-चौदाच्या सात ओळी. स्टेज काठोकाठ भरणार होतं. त्या क्षणी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी आरशात बघून आलो.

बाईंनी ओळी लावल्या. सातही नव्या माणसांना त्यांनी प्रत्येक ओळीच्या उजव्या टोकाला एकेक असं उभं केलं, माइकपासून जितकं लांब जाता येईल तितकं. बाबा उंचीने कमी, म्हणून ते पहिल्या ओळीत डाव्या टोकाला, माइकच्या अगदी जवळ. तालमीला उभे राहिले तेव्हा त्यांचे बूट चमकत होते. बायको मागच्या ओळीतून गाणं सोडून त्यांच्याकडेच बघत होती.

मग तो दिवस उजाडला. सभागृह खचाखच भरलेलं, पडदा बंद, पडद्यामागे निळ्या शर्टांची गर्दी. बाईंनी एकेका ओळीला पायरीवर चढवलं. मी विंगेत उभा राहून मोजत होतो. सातही टोकं रिकामी!

तेवढ्यात रखवालदार आला. "तुमची सात माणसं लिफ्टमध्ये अडकलीयत. सहाचीच लिफ्ट आहे. एक साहेब म्हणाले, काही होत नाही, या सगळे."

"निघतील कधी?"

"मेकॅनिकला फोन केलाय. तोवर ते गातायत."

मी कान दिला. खरंच, भिंतीच्या आतून कुठूनतरी आमचंच गाणं येत होतं. दहा दिवस नुसतं तोंड हलवलेली माणसं हौस भागवून घेत होती.

पडदा उघडायला दोनच मिनिटं होती. स्टेजवर उरले किती? अठ्ठ्याण्णवमधून सात गेले. एक्क्याण्णव! पुन्हा तीच एक्क्याण्णव! मी तसाच स्टेजवर धावलो.

"बाई, एक माणूस उतरवावा लागेल."

"का?"

"एक्क्याण्णव झाले. सारख्या ओळी होऊच शकत नाहीत."

बाईंनी ओळींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "पण ओळी सारख्याच आहेत हो."

"दिसतायत," मी म्हणालो. "असणं शक्य नाही. डोळ्यांवर जाऊ नका, मी तपासलंय."

"प्रत्येक ओळीतला शेवटचा माणूस नाही, एवढंच. सगळ्या एकेकाने कमी झाल्यात."

"बाई, तुमचा विषय गाणं आहे. गणित माझ्यावर सोडा." आणि मी पहिल्या ओळीकडे वळलो. काळजावर दगड ठेवला. "बाबा, चला, खाली उतरा. पुढच्या वेळी नक्की."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. ऑपरेटरच्या नोकरीत मधेच कुणी फोन ठेवून द्यायचं, तेव्हा ते असेच बघत असतील. त्यांनी एक पाय खालच्या फळीवर ठेवला. नवा बूट करकरला. मागून बायको म्हणाली, "बाबा, तुम्ही हलू नका." बाबा तसेच थांबले, एक पाय वर, एक पाय खाली. त्यांची छाती धडधडायला लागली असणार, कारण त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि सावकाश सुरू केलं.

"तेरा एके तेरा... तेरा दुणे सव्वीस..."

माइक चालू होता! पडद्यापलीकडे खुर्च्यांची कुरकुर थांबली. अख्खं सभागृह ऐकत होतं. बाबांना पत्ता नव्हता, त्यांचे डोळे मिटलेले.

"...तेरा चोक बावन्न... तेरा पाचे पासष्ट... तेरा सक अठ्ठ्याहत्तर..."

मी पुढे झालो, त्यांना गप्प करायला. पण या वेळी बाईंनी माझी कॉलर धरली.

"तेरा साते एक्क्याण्णव."

मी ओळी मोजल्या. सात. पहिल्या ओळीतली माणसं मोजली. तेरा. दुसरीतली मोजली. पुढे मोजायची गरज नव्हती, पण मोजली. माणूस शेवटपर्यंत आशेवर असतो.

"बाबा," मी हळूच म्हणालो, "पाय वर घ्या."

त्यांनी डोळे उघडले. खालचा पाय वर घेतला, शर्ट सारखा केला. मी विंगेत पळालो आणि पडदा उघडला! टाळ्या आधीच सुरू झालेल्या, कारण पाढा कोण म्हणत होतं ते लोकांना बघायचं होतं. पहिल्या रांगेतली एक म्हातारी बाई शेजारणीला म्हणाली, ते मला विंगेत ऐकू आलं, "अगं, हा तर एक्स्चेंजवाला आवाज. असा दिसतो होय हा माणूस?" बाबांनीही ते ऐकलं. त्या दिवशी ते असे गायले की बाईंनी एकदा त्यांच्याकडे वळून मान हलवली. बायको गात होती आणि रडत होती. मीही रडलो, पण विंगेत अंधार होता म्हणून चाललं.

कार्यक्रम संपल्यावर बाबांभोवती गर्दी जमली. गर्दीतून वाट काढत ते माझ्याकडे आले.

"जावईबापू, वाईट वाटून घेऊ नका. पद्धत तुमची बरोबर होती. फक्त सातचा पाढा सत्तरला तुटला. लाइन तुटली की फोन ठेवायचा नसतो, पुढे जोडून बघायचं. साती अकरे सत्त्याहत्तर, साती बारे चौऱ्याऐंशी, साती तेरे..."

"कळलं, बाबा."

लिफ्टमधली माणसं तेवढ्यात सुटून आली. घामाघूम, पण खुशीत. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि दरडावून विचारलं, "आमच्याशिवाय ओळी जमल्या कशा? तुम्ही तर म्हणाला होतात, आम्ही सात जण नसू तर सगळं मोडेल." याचं उत्तर मी सोमवारी देणार आहे, लेखी.

बाई मात्र जाम खुशीत होत्या. त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांना जमवून जाहीर केलं, "पुढच्या कार्यक्रमाला अजून माणसं घ्यायची. एकशे तेहेतीस! स्टेज मोठं आहे तिथलं. होतील का हो सारख्या ओळी?"

मी घसा खाकरला. दोन नाही, तीन नाही, पाच नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तोच बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

"तुम्ही फक्त तोंड हलवा," त्या म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या.