साठ किलोंत बसवलेला बारक्या

बाथरूमचा नळ बराच वेळ सुरू होता. बारक्याने दाराला कान लावला आणि शांतपणे म्हणाला, "बिस्किट आहे. खारं."

नळ बंद झाला. आतून बायको म्हणाली, "दात घासतेय."

"आणि हे दुसरं आहे."

बारक्या बॉक्सर होता. लढत जवळ आली की त्याचं जेवण बंद व्हायचं, कान तिखट व्हायचे आणि घरातली माणसं चोरून खायची. लहानपणी तो किरकोळ होता म्हणून मामाने हे नाव ठेवलं. पुढे तो दारातून वाकून आत येऊ लागला, तरी नाव सुटलं नाही आणि मामाच्या डोक्यातला साठ किलोंचा गटही सुटला नाही. मामा धंद्याने शिंपी. बारक्याच्या लढती ठरवण्यापासून सगळा कारभार त्याच्याकडे होता. माणसाचं अंगही दोन्ही बाजूंनी थोडं आत घेता येतं, असा त्याचा ठाम विश्वास होता.

"खालच्या गटात तू ताडमाड दिसतोस," तो समजवायचा. "समोरच्याचा हात तुझ्यापर्यंत पोचत नाही. वर गेलास की सगळे तुझ्याएवढेच. मग काय फायदा?"

प्रतिस्पर्धीही मामाच निवडायचा, कापड निवडावं तसा, चुरगाळून बघून. त्यामुळे बारक्या आजवर हरला नव्हता, पण आपण कोणाला हरवलं हे सांगायची त्याला लाज वाटायची. एकाला तर लढतीनंतर त्याने स्वतःच्या स्कूटरवरून घरी सोडलं होतं. आता मात्र राज्याच्या संघात जागा भरायच्या होत्या, निवड करणाऱ्या बाई स्वतः लढत बघायला येणार होत्या, आणि बारक्याच्या वयाला अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

"असा गडी शोधलाय," मामा हात चोळतच घरात शिरला. "तोही वजन उतरवतोय. जिना चढताना मधेच बसतो म्हणे. फुंकर मारली तरी पडेल."

"आणि आपले?" बायकोने विचारलं. आदल्याच दिवशी बारक्या मोजे घालताना पलंगावरून घसरला होता. "हे उपाशी नाहीत?"

"आपला उपाशी नाही. आपला तयारीत आहे."

लढतीच्या दिवशी काटा थोडा जास्त दाखवत होता. मामाने बारक्याच्या डोक्यावरचे केस उतरवले. काटा ऐकेना, तेव्हा मिशीही गेली. ती मिशी बघूनच बायकोने लग्नाला होकार दिला होता. तिने तोंड फिरवलं. शेवटी टॉवेलाच्या आडोशाला अंगावर एक धागाही न ठेवता उभा राहिल्यावर बारक्या एकदाचा साठात बसला. पलीकडच्या टॉवेलामागून प्रतिस्पर्धी बाहेर आला. त्याचंही डोकं गुळगुळीत होतं.

बाईंना गाडी पकडायची होती, म्हणून तासाभरातच लढत सुरू झाली. दोघांनी एकेक ठोसा मारला, दोन्ही हवेत गेले आणि त्याच झोकात दोघे एकमेकांच्या गळ्यात पडले. सोडवलं की दोघेही डगमगायचे, त्यामुळे थोड्या वेळाने पंचाने सोडवायचं बंद केलं.

"काय खाल्लंस?" बारक्याने त्याच्या कानात विचारलं.

"सफरचंद."

"अख्खं?"

"अर्धं. तू?"

"बर्फ."

"अरे, फुंकर मार, पडेल तो," पलीकडच्या कोपऱ्यातून प्रतिस्पर्ध्याचा कारभार बघणारा त्याचा सासरा ओरडला.

मामा चपापला. हा प्रतिस्पर्धी आपण हुडकून काढला, असं तो समजत होता. पलीकडे सासराही महिनाभर तेच समजत होता.

दुसऱ्या फेरीत बाईंनी लढत थांबवली. "या दोघांतला एकही मला नको."

बारक्याने प्रतिस्पर्ध्याच्या गळ्यातले हात काढले.

"पण बाई, वजन अगदी बरोबर भरलंय," मामा म्हणाला.

"वजन बघितलं मी. ठोसा कुठे बघायला मिळाला?"

"वरच्या गटात जागा आहे?" बारक्याने विचारलं.

"आहे. एकजण तयारही आहे. त्याच्यासमोर उभं राहायला कोणी मिळत नाही."

मामाने बारक्याला चिमटा काढला. "तो रेडा आहे. मी बघितलाय."

"मी राहतो उभा," बारक्या म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने प्रतिस्पर्धी स्वतः निवडला होता. "फक्त महिनाभर जेवू द्या."

तो महिनाभर मनसोक्त जेवला. मिशी परत आली. सरावाच्या पिशवीवर ठोसा बसला की छताची साखळी खणखणू लागली. हे आपलंच अंग आहे, हे त्याला नव्याने कळलं आणि फार आनंद झाला.

रेडा खरोखरच रेडा निघाला. पहिल्या फेरीत त्याने बारक्याला दोन सणसणीत ठोसे दिले. बारक्या जागचा हलला नाही. उलट, समोर कोणीतरी आहे याचंच त्याला बरं वाटलं. तिसऱ्या फेरीत त्याचा डावा हात असा बसला की रेडा गुडघ्यावर आला आणि उठला नाही.

"सोमवारी शिबिराला ये," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पाच पुडांचा डबा घेऊन दारात हजर.

"आणखी वरचा गट बघून आलो," तो कुजबुजला. "तिथे एकच जण आहे. गुडघा दुखतो, एका डोळ्याने कमी दिसतं. फक्त दहा किलो वाढव. आजपासून लाग."

बारक्याने डबा घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि बायकोच्या हातात दिला.

"मामा, डबा रोज आणा," तो म्हणाला. "त्या बिचाऱ्याला तेवढं घरी बसू द्या."