उजव्या मांडीची सूज

दुर्गाची उजवी मांडी डावीपेक्षा जाड झालीय, या विचारानं माझी झोप उडाली.

दुर्गा म्हणजे माझी पाच वर्षांची लेक. अंघोळ घालताना दिसलं, मांडी लालसर आणि सुजलेली. नवरा म्हणाला, डास चावला असेल. (आखातातल्या आमच्या अल दुहैलच्या कंपाउंडमध्ये डास दिसला तर लोक त्याच्याबरोबर सेल्फी काढतील.) मग मी ठरवलं, गुगलवर फक्त एक नजर टाकू. त्या एका नजरेत मी शिरेतल्या गाठीवरून किडनीवर आणि किडनीवरून थेट हृदयावर पोचले. (एमएस्सी आहे मी. वनस्पतिशास्त्रात.)

सकाळी शाळेला कळवून टाकलं, दुर्गा येणार नाही. संपूर्ण विश्रांती. वेस्ट बेला ऑफिसला निघताना सासऱ्यांना बजावलं, "आबा, हिला पलंगावरून उतरू देऊ नका."

आबा कागलहून व्हिजिट व्हिसावर आलेले. इथं ना पार, ना गप्पा मारायला कुणी, त्यामुळे आजोबा-नात खोलीचं दार लोटून काहीतरी खेळत बसायची. मी ऑफिसातून फोन केला की मागून टाळ्यांचा आवाज यायचा. म्हटलं, चला, बडबडगीतं चाललीत.

तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर सूज उतरायला हवी होती. ती वाढली. आणि आबांचं जेवण कमी झालं. म्हाताऱ्या माणसांना आतून कळतं म्हणतात, त्यामुळे आबांचा उतरलेला चेहरा बघून माझा उरलासुरला धीर गेला.

"डाक्टरकडं कशाला? हळद लावू की," ते म्हणाले. पण मी गाडी काढली तसे मुकाट्यानं मागच्या सीटवर येऊन बसले. वाटेत एकदाच बोलले, "पोरीला सुई टोचतील व्हय?" माझे डोळे भरून आले.

अबू हमूरच्या डॉक्टर सुरय्या मूळच्या रत्नागिरीच्या, म्हणून घाबरायचं ते मराठीत घाबरता येतं. त्यांनी माझे सगळे आजार शांतपणे ऐकून घेतले. मग दुर्गाला तपासून म्हणाल्या, किडनीची किंवा हृदयाची सूज अशी एकाच मांडीवर येऊन बसत नाही. मुलांच्या शिरेत गाठ तर फारच क्वचित. ताप नाही, चालतेय नीट. हा मुका मार दिसतोय.

मार! शाळेच्या बसमधल्या मावशींपासून शेजारच्या जियादपर्यंत सगळे माझ्या डोळ्यांपुढून आरोपी म्हणून गेले.

"बाळा, इथं काय झालं गं?" डॉक्टरांनी विचारलं.

दुर्गा टेबलावरून उतरली. पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून उभी राहिली आणि तिनं उजव्या मांडीवर असा काही हात मारला की बाहेरची नर्स आत डोकावली. आबा छताचा एसी बघायला लागले.

"शड्डू," डॉक्टर म्हणाल्या. "रोज ठोकतेस?"

"ऑल डे," दुर्गा म्हणाली. "मम्मीनं स्कूल बंद केली ना."

मी खुर्चीत बसले. डॉक्टरांनी बर्फाचा शेक सांगितला, सूज उतरेपर्यंत शड्डू बंद म्हणून आबांना दम दिला. आबांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली. मग डॉक्टरांनी हसू दाबत दुर्गाला विचारलं, "आणि एवढी तयारी करून कुस्ती कुणाशी खेळणार?"

दुर्गानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"मम्मीशी. आबा म्हणाले, ती आधीच घाबरलेली असते, लगेच पडेल."