औटी सर आणि जोडीजोडीचे निबंध

आमच्या पारगावच्या शाळेतले औटी सर कुठल्याही एकट्या वस्तूला बरं-वाईट म्हणत नसत. चहा कसा झालाय विचारलं, की म्हणायचे, “कशाच्या मानानं?” मग शिपाई बिचारा कालचा चहा आठवत उभा.

सर मराठी शिकवायचे, मी गणित. तुलनेचा निबंध म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकदा एका पोरानं ‘बैल आणि ट्रॅक्टर’ लिहिलं. बैलाला चार पाय, ट्रॅक्टरला चार चाकं.

“राव, ही तर मोजदाद झाली,” सर म्हणाले. “दोघांना शेजारी उभं केलंस कशापायी? त्यातनं ठरवायचंय काय तुला?”

दुसऱ्या दिवशी पोरानं लिहून आणलं, ‘ट्रॅक्टर लवकर नांगरतो. पण बैलामागं चालताना आज्याला गाणं सुचतं. म्हणून आमी बैल इकू नये.’ सर तास संपेपर्यंत खिडकीतून उसाचे तुरे बघत राहिले.

वह्यासुद्धा ते दोन-दोन करून सुतळीनं बांधून घरी न्यायचे. आम्ही मागं हसायचो.

गेल्या हिवाळ्यात त्यांची एक वही शाळेत राहिली, ती द्यायला मी घरी गेलो. दुपार कलली होती. कारखान्याकडून मळीचा गोडसर वास येत होता. पिवळ्या उन्हात धूळ तरंगत होती. अंगणात बाजेवर सरांच्या पत्नी, सुमनताई, बसल्या होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती. सर समोर बसून, आवाज बदलून बदलून, पोरांचे निबंध वाचून दाखवत होते. एक झाला, मग दुसरा. मग दोन्ही वह्या त्यांनी ताईंच्या मांडीवर ठेवल्या.

“सांग, कुठला बरा?”

मग ताईंचा डावा हात सावकाश उठला आणि एका वहीवर बोट टेकलं.

तेवढ्यात सरांनी मला पाहिलं. जरा ओशाळले.

“नुसतं इचारलं तर कशालाबी मान हलवती, भाऊ. दोन ठेवल्या की निवडावं लागतं. तिच्या मनातलं कळतं.”

“तुम्हालाही हाच आवडला?”

“न्हाई. मला दुसरा लई आवडला व्हता.”

त्यांनी खिशातून खोडरबर काढला.

“लग्न झाल्यापास्नं हिनं माझं एक ऐकलं आसंल तर शपथ!” असं म्हणत, उजळलेल्या चेहऱ्यानं ते आपण पेन्सिलीनं दिलेले गुण खोडू लागले.