नासर्डीवरच्या पाखराची चौकशी

चि. मीना आणि चि. अजय,

तुमच्या घरामागच्या तळ्यावर उतरलेल्या पक्ष्याचा फोटो मिळाला. मागे एवढेच लिहिले आहे, "आजी, हा कोण?" उत्तर एका शब्दाचे आहे. पण तो शब्द मला ज्यांच्यामुळे मिळाला त्या नाझरकाकांना वगळून तो तुम्हाला पाठवणे बरे नव्हे. आता त्यांना ओळखणारी मी एकटीच उरले आहे. म्हणून आधी काका, मग पक्षी.

नाझरकाका रोज सकाळी दुधाचा पंचनामा करीत. नाशिकच्या कोर्टात त्यांनी जन्मभर नाझराची नोकरी केली, जप्त्या केल्या, समन्स बजावली. कोर्टाने त्यांना पेन्शन दिले, पण त्यांनी कोर्ट काही सोडले नाही. गवळी चरवी घेऊन आला की दोन शेजाऱ्यांना पंच म्हणून उभे करायचे आणि वहीत लिहायचे, 'दूध पातळ आढळले. गवळी नाकबूल.' माझी आई एकदा कुंपणावरून म्हणाली, "तुमचा पेरू पिकलाय हो." काका म्हणाले, "आपण स्वतः पाहिलात की ऐकीव?" त्या दिवसापासून आईने त्यांच्या झाडाकडे बघणे सोडले.

तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आमची दोन्ही घरे नासर्डीच्या काठाला लागून होती. थंडीत नदीचा ओघ बारीक होई आणि मागे एक डबके उरे. एका सकाळी त्यात एक पाखरू उभे दिसले. अंग पांढरे, पंख काळे, चोच दाभणासारखी आणि पाय म्हणजे दोन लांब तांबड्या काड्या.

"शाई आण," काकांनी मला हाक मारली. "चौकशी सुरू."

मी रकाने आखले. पहिला रकाना अर्जदाराचा.

"तो कोरा ठेव," काका म्हणाले.

"अर्जदाराशिवाय अर्ज कसा चालेल?"

"कारकुनाने प्रश्न विचारायचे नसतात. पाणी आटायच्या आत याचं नाव ठरलं पाहिजे. पाखरू उठून गेलं की प्रकरण आणखी वर्षभर पडून राहील. माझ्या वयाला ते परवडायचं नाही."

तेवढ्यात मासळीची पाटी घेऊन धोंडाबाई भोईण चालली होती. तिला विचारले.

"त्यो? शेकाट्या हाय."

"आपलं शिक्षण?"

"मासं धरायचं."

"लिहू नकोस," काका मला म्हणाले. "ऐकीव आहे."

"ऐकीव नाय, रोज बघते मी," असे म्हणून ती निघून गेली.

मग प्रतिष्ठित साक्षीदार आले. शाळेतल्या मास्तरांनी सारस असल्याचे सांगितले आणि सारसाच्या पतिनिष्ठेवर अर्धा तास बोलले. काकांनी नोंद केली, 'सारस माणसाएवढा. हा माझ्या गुडघ्याला लागत नाही.' वैद्यबुवांच्या मते तो साधा बगळाच होता, फक्त रक्त पायांत उतरले होते. त्यांनी काढाही सुचवला, मात्र तो पाजायचा कोणी हे सांगितले नाही. नाशिक रोडचे एक रेल्वेबाबू म्हणाले, पक्षी विलायती आहे, कारण स्टेशनवर त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. तिघांनीही झोकदार सह्या केल्या. पाने भरली आणि डबके घंगाळाएवढे झाले. काका दाढी करायचे विसरू लागले. दुधाचा पंचनामाही बंद पडला. गवळी काळजीत पडला.

शेवटी मी आमच्या हेडमिस्ट्रेसबाईंच्या कपाटातून पक्ष्यांचे इंग्रजी पुस्तक काढले. चित्र सापडले तशी धावत आले आणि जिंकल्यासारखी म्हणाले, "ब्लॅक-विंग्ड स्टिल्ट!"

काकांनी चित्र पाहिले, पाखरू पाहिले, चष्मा पुसला. "बरोबर आहे. पण अर्जदाराला इंग्रजी येत नाही."

"अहो, पण अर्जदार आहे तरी कोण?"

ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिले. काकूंना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती.

"ही भाकरी थापताना तिथून बघायची," ते म्हणाले. "दर थंडीला विचारायची, अहो, तो कोण हो आलाय? मी पगडी घालत म्हणायचो, कोर्टाला उशीर होतोय. एकदाही मागे वळून पाहिलं नाही मी."

मग त्यांनी मला धोंडाबाईला बोलवायला पाठवले. ती आली तेव्हा ओटीवर खुर्ची मांडलेली होती. तिला बसवून काका स्वतः उभे राहिले.

"बाई, त्या दिवशी आपली साक्ष मी घेतली नाही. माझी चूक झाली."

"आता मासं धरायचं शिक्षण चालतं व्हय?" धोंडाबाई हसली. "शेकाट्या. माझा आजाबी त्येच म्हनायचा. लिव गं पोरी."

मी लिहिले. तिने अंगठा उठवला. कागदाला मासळीचा वास लागला आणि काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढले नाही. माझ्या हातातला टाक घेऊन कोरा रकाना त्यांनी स्वतः भरला. मग कागद घेऊन ते खिडकीपाशी गेले आणि 'शेकाट्या' एवढा एकच शब्द मोठ्याने वाचला. पाखरू त्या दिवशी अजून तिथेच होते.

फोटोतला तुमचा पक्षी त्याच्याच कुळातला दिसतो.

घर, पेरू आणि ते डबके आता नाहीत. कागद माझ्या पेटीत आहे. अंगठ्याची शाई फिकट झाली आहे, पण अर्जदाराचा रकाना स्वच्छ वाचता येतो. पुराव्याशिवाय एक अक्षर न लिहिणाऱ्या काकांनी काकूंच्या नावामागे 'कै.' लिहिलेले नाही. 'सौ.' लिहिले आहे.