गुरूवरचा डाग काढल्याची चिठ्ठी

लाँड्रीच्या गच्चीवर दुर्बीण एक होती आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोन. एक मालकीणबाईंचा मुलगा, दुसरी त्याची बायको. मुलाला ग्रहांचे फोटो काढायचे होते. सुनेला काढायचे होते तेजोमेघांचे, म्हणजे आकाशात फार लांब पसरलेल्या वायूच्या ढगांचे. दोघंही नवशिके, त्यामुळे दोघांनाही सगळं येत होतं.

मुलाचं म्हणणं, नवीन माणसानं ग्रहापासून सुरुवात करावी. ग्रह ठळक असतो, रस्त्यावरच्या दिव्यांना भीत नाही. दोन मिनिटं व्हिडिओ घ्यायचा, त्यातली हजारो चित्रं सुटी करायची, थरथरलेली फेकून द्यायची आणि स्थिर तेवढी एकावर एक रचायची. फक्त वरची हवा शांत पाहिजे. सुनेचं म्हणणं, ग्रह काय, बोटावर मोजण्याइतके. आज काढले, उद्या संपले. ढगाला धीर लागतो. अंधार लागतो, दोन-दोन सेकंदांचे शेकडो फोटो लागतात, आणि तेवढ्यात आकाश पुढे सरकतं म्हणून दुर्बिणीची नळी बोटानं ढकलत बसावं लागतं.

इथवर ठीक होतं. पण मुलाच्या शांत हवेच्या आड लाँड्रीचा बॉयलर आला. त्याची वाफ गच्चीवरच्या नळकांड्यातून निघे आणि तिच्यातून पाहिलं की गुरू पाण्यात पडलेल्या बटणासारखा हिंदकळे. म्हणून मुलगा ऐन संध्याकाळी बॉयलर बंद करू लागला आणि इस्त्रीचे कपडे तुंबले. सुनेच्या अंधाराच्या आड दुकानाची पाटी आली. ती पाटीचा दिवा घालवू लागली आणि गिऱ्हाइकं दुकान बंद समजून माघारी जाऊ लागली. एकजण कोट न घेताच परत गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून नोकरीच्या मुलाखतीला बसला. तो मग दुकानात येऊन जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

मालकीणबाईंनी दोघांना गल्ल्यापुढे उभं केलं. शाळा त्यांची चौथीत सुटली होती, पण चाळीस वर्षं त्यांच्या नजरेतून डाग सुटला नव्हता. दोघांचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "याचं काम म्हणजे इस्त्री. तापलं की दाबायचं, मोकळं व्हायचं. हिचं काम म्हणजे भिजत घालणं. घाई केली की वाया. दोन्ही आल्याशिवाय लाँड्री चालते का? मग भांडता कशाला?" आणि वार वाटून दिले. तीन वार बॉयलर लवकर बंद, तीन वार पाटी लवकर बंद, रविवारी दोघांनी निमूट झोपायचं.

हे असंच चाललं असतं, पण गावातल्या आकाशमंडळाचं, म्हणजे हौशीनं तारे बघणाऱ्यांच्या मंडळाचं, प्रदर्शन निघालं. मंडळ चालवायचे एक निवृत्त भूगोलाचे मास्तर. नवशिक्यांनी एकेक फोटो द्यायचा आणि सगळ्यांत चांगल्या फोटोला मंडळाची मोटरवर फिरणारी दुर्बिणीची बैठक वर्षभर वापरायला मिळायची. दुर्बीण तिच्यावर बसवली की ती आकाशाच्या चालीनं आपोआप सरकते. बोट लावायला नको. ग्रहवाल्याचं तिच्यावाचून फारसं अडत नाही. सुनेचं मात्र सगळं तिच्यावर अडलं होतं. मृग नक्षत्रातल्या ढगासाठी तिनं चारशे फोटो काढले होते, त्यातले सत्तर कामाला आले होते आणि ढकलून ढकलून बोटाला घट्टा पडला होता. लग्नाला तीन वर्षं झाली, पण तिनं या घरात तोंड उघडून काही मागितलं नव्हतं. ही बैठक तिला हवी होती. तेही ती बोलली नाही. फक्त जेवताना घास हातात धरून बसू लागली. सासूला तेवढं पुरलं.

फोटो द्यायच्या दिवशी नेमकं एका विश्रामगृहाच्या तीनशे चादरींचं काम आलं आणि कपडे वाळवायचं मशीन बंद पडलं. मुलगा मशीनमध्ये डोकं घालून बसला, सून चादरी पिळत राहिली. मालकीणबाईंनी पदर खोचला, दोघांचे फोटो असलेला पेनड्राइव्ह उचलला आणि फोटोवाल्याकडे निघाल्या. फोटो छापून, चौकटीत बसवून सभागृहात पोचवायचे, इतकंच काम होतं. इतकंच काम दिलं की माणूस जास्त करतो.

फोटोवाल्यानं गुरू पडद्यावर मोठा केला आणि मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय रे?"

"काय, काकू?"

"हा नारिंगी डाग. चहाचा असतो तसा. आणि हा बघ, बारीक काळा. इस्त्रीची ठिणगी उडाल्यासारखा."

फोटोवाल्याला ग्रहातलं काही कळत नव्हतं. तो म्हणाला की डाग काय, चेहऱ्यावरचे फोड रोज काढतो, आणि त्यानं दोन टिचक्यांत दोन्ही डाग पुसले. गुरू कसा परीटघडीचा झाला. मग सुनेचा ढग आला. गुलाबी, निळसर, पंखासारखा पसरलेला. मालकीणबाई पडद्याजवळ सरकल्या. बोटानं ढकलून पोरीनं हे आणलं होतं. रेशीमसुद्धा इतकं तलम नसतं, हे त्यांनी मनात म्हटलं, कारण सुनेची स्तुती उघड करायची त्यांची रीत नव्हती. पण त्या रेशमावर सगळीकडे पांढरे कण पडले होते.

"पावडर नीट विसळली नाही की असं होतं," त्या म्हणाल्या. "सगळे काढ. एक ठेवू नकोस."

सगळे काढायला फोटोवाल्याला तासभर लागला. चौकटी तयार झाल्यावर मालकीणबाईंनी दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे प्रत्येकीच्या मागे टाचणीनं चिठ्ठी लावली, वरून लाँड्रीची प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि फोटो स्वतः सभागृहात नेऊन दिले.

दुसऱ्या दिवशी तिघंही इस्त्रीचे कपडे घालून प्रदर्शनाला गेले. मुलगा आपल्या गुरूसमोर उभा राहिला आणि त्याचा चेहरा चादरीसारखा झाला. सून आपल्या ढगासमोर उभी राहिली आणि काचेवर बोट फिरवत तारे शोधू लागली. तेवढ्यात मास्तर हातात ग्रहांच्या वेळांचा तक्ता घेऊन आले. त्यांनी मुलाला हळूच विचारलं की फोटोखाली वेळ सव्वाआठची लिहिली आहे, त्या वेळी गुरूवरचं मोठं तांबडं वादळ बरोबर मधोमध असायला हवं, ते गेलं कुठे. पृथ्वी आत मावेल एवढं वादळ, पुसलं तरी जाणार नाही. मग ते सुनेकडे वळले. ढग अप्रतिम आहे, म्हणाले, पण मृगात एकही तारा नाही? मंडळाचा नियम होता की फोटोतून जे काढाल ते लिहून द्यायचं. लिहिलं नसेल तर फोटो बाद. मग बैठक तिसऱ्याकडे जाणार, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडे. त्यानं चंद्राचा फोटो लावला होता, तोही हललेला.

सासूनं फोटो पोचवले हे सुनेला ठाऊक होतं आणि सासूचं नाव तिला घ्यायचं नव्हतं. ती घट्टा पडलेलं बोट चोळत "बरं" म्हणाली आणि चौकट उतरवायला वाकली.

मालकीणबाईंनी ते पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी गिऱ्हाइकासमोर चूक कबूल केली नव्हती, कारण त्यांच्या मते चूक झालीच नव्हती. त्या पुढे आल्या.

"थांब गं. मास्तर, पोरांना बोलू नका. डाग मी काढलेत."

"तुम्ही?"

"दुसरं कोण काढणार? आणि लिहून दिलं नाही म्हणता? आमच्याकडचा रुमालसुद्धा चिठ्ठीशिवाय बाहेर पडत नाही. चौकट उलटी करा."

मास्तरांनी चौकट उलटी केली. टाचणीला लाँड्रीची गुलाबी चिठ्ठी होती. तारीख, नंबर, आणि वाकड्या अक्षरात मजकूर: 'गुरू, नग एक. डाग नारिंगी एक, मोठा. डाग काळा एक, बारीक, उजव्या अंगाला. दोन्ही काढले.' सुनेच्या चौकटीमागे: 'ढग, नग एक. पांढरे कण पुष्कळ. सर्व काढले. कापडाला इजा नाही.'

मास्तरांनी चिठ्ठ्या दोनदा वाचल्या. मग चष्मा काढून पुसला. इतका चोख कागद तीस वर्षांत त्यांच्या हाती आला नव्हता, असं ते म्हणाले. नियमात बसत होतं. पण त्यांचं बोट एका शब्दावर थांबलं.

"हा काळा डाग कुठे होता, दाखवाल?"

मालकीणबाईंनी काचेवर नख टेकवलं. मास्तरांनी मूळ फोटो मागितला. मुलानं मोबाइलवर काढून दिला आणि सांगितलं की तो ठिपका म्हणजे कॅमेऱ्यावरची धूळ, वेळ मिळाला की पुसणार होतो. मास्तरांनी पुन्हा तक्ता पाहिला, वेळ पाहिली.

"धूळ नाही रे. गुरूच्या एका चंद्राची सावली आहे. त्या संध्याकाळी ती गुरूवरून जात होती. तू फोटो काढलास आणि तुला दिसली नाही. तुझ्या आईला दिसली."

"दिसली म्हणून तर काढली," मालकीणबाई म्हणाल्या.

मुलाचा मूळ फोटो दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सभागृहाच्या दारात लावला, सावलीसकट. बैठक मात्र त्यांनी सुनेला दिली. तारे बाजूला केल्यावर वायूचे पदर स्वच्छ दिसतात, म्हणून जाणते लोकसुद्धा मुद्दाम तसं करून बघतात, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मालकीणबाईंनी ते अशा चेहऱ्यानं ऐकलं, जणू हे त्यांनी काल फोटोवाल्याला सांगितलंच होतं. घरी जाताना बैठकीचा जड डबा सून उचलू लागली, तर दुसरी कडी सासूनं धरली. बोटाला तूप लाव, एवढंच त्या म्हणाल्या.

आता सून पाटी बंद न करता गावाबाहेर बैठक नेऊन फोटो काढते आणि लाँड्रीच्या गल्ल्यावर कपड्यांच्या ढिगाशेजारी मंडळाच्या लोकांच्या फोटोंचा एक वेगळा ढीग असतो. प्रदर्शनाला पाठवायच्या आधी सगळे मालकीणबाईंच्या नजरेखालून जातात. त्या डाग हेरतात, चिठ्ठीवर लिहितात. पण काढत काहीच नाहीत, मास्तरांनी तसं वचन घेतलं आहे.

परवा दातांचा डॉक्टर आपला चंद्र घेऊन आला. या वेळी हललेला नव्हता. मालकीणबाईंनी तो ट्यूबलाइटखाली धरला, वरपासून खालपर्यंत पाहिला, ते सगळे खड्डे, ते काळे पट्टे. बराच वेळ पाहिला. मग चिठ्ठीचं पुस्तक ओढलं आणि लिहिलं: 'चंद्र, नग एक. डाग फार जुने. निघणार नाहीत. जबाबदारी गिऱ्हाइकाची.'