दुधाला तरुण हवेत

देशाचं भवितव्य तरुणांच्या हाती असतं, आणि दुधाचं तर अक्षरशः हाती असतं. जपानच्या होक्काइदो बेटावरच्या एका गावात माणसांपेक्षा गाई जास्त, आणि वयानेही पुष्कळ लहान. म्हणून नगर कार्यालयाने तरुण-प्रोत्साहन समिती नेमली. (सदस्यांचं सरासरी वय सत्तर. मध्यंतरी सर्वांत ज्येष्ठ सदस्य वारल्यामुळे ते अडुसष्टावर आलं. अहवालात ही ‘प्रगती’ म्हणून नोंदली आहे.)

समितीचे वक्ते नुमाता शाळाशाळांतून गर्जत, “गाय रविवार पाळत नाही, मुलांनो! एवढी निष्ठा कुठल्या ऑफिसात दिसेल?” मुलं टाळ्या वाजवत आणि शाळा संपली की साप्पोरो शहराला निघून जात. सारं सुरळीत चाललं होतं.

एका वर्षी मात्र त्यांनी स्वतःच्या मुलीच्या शाळेत भाषण केलं. रात्री जेवताना चिझुरु म्हणाली, “बाबा, शाळा संपली की मी गावाबाहेरच्या हाताकेयामा आजोबांच्या गोठ्यावर जातेय.”

“भेटायला?”

“कामाला. कायमची.”

नुमातांच्या घशात भात अडकला. “अगं, ना सण, ना सुट्टी! गाय रविवार पाळत नाही!”

“तेच तर तुम्ही आज सांगत होतात.”

“ते इतर मुलांसाठी होतं गं!”

दुसऱ्या दिवशी ते हाताकेयामांकडे धावले. “तिला नाही म्हणा.”

म्हातारा शेण ओढता ओढता म्हणाला, “साहेब, माझा पोरगा असंच कुणाचं तरी भाषण ऐकून तोक्योला गेला. आज पहिल्यांदा भाषण ऐकून कुणी इकडे येतंय, आणि तुम्हीच आडवे येता?”

शाळा संपताच चिझुरु गेली. पुढच्या फेब्रुवारीच्या कडाक्यात पोरगी वठणीवर आली असेल, या आशेने नुमाता तिला परत आणायला निघाले. गोठ्यात एक गाय अडली होती.

“बरं झालं आलात! वासराच्या पायांना बांधलेली ही दोरी धरा, बाबा. ती कळ देईल तेव्हाच ओढायचं. आता!”

नुमातांनी ओढलं, घसरले, शेणात बसले. आणि वासरू थेट त्यांच्या मांडीवर आलं. श्वास नव्हता. चिझुरुने त्याच्या नाकपुड्या पुसल्या, गवताच्या काडीने डिवचलं, पाठ खसाखसा चोळली. वासरू शिंकलं. पोरगी रडत होती की हसत, बापाला कळेना. आपली भाषणं खरी असावीत, असा संशय नुमातांना त्या दिवशी प्रथमच आला. ते एकटेच घरी परतले.

चिझुरु आजही तिथेच आहे. दुग्धव्यवसायाला अजून पुष्कळ तरुण हवेत. आपल्या माहितीत कुणी होतकरू मुलं असल्यास समितीला जरूर कळवावं. (शेजाऱ्यांच्या मुलांची नावं भरपूर आली आहेत; कृपया आणखी पाठवू नयेत.)