अपघाताने चाललेली लॉन्ड्री

धंदा भांडवलावर चालत नाही, गिऱ्हाइकावर तर मुळीच नाही. धंदा मालकाच्या स्वभावावर चालतो, हे आता सिद्ध झालेलं आहे. (कोणी केलं, असं विचारणाऱ्यांचा स्वभाव धंद्याला पोषक नसतो.) म्हणून आमचं उद्योजक-स्वभाव तपासणी केंद्र आधी माणसाची परीक्षा घेतं आणि मगच त्याला बाजारात गाळा देतं. मी तिथे सहायक परीक्षक आहे.

आमचे दादा विशेष प्रावीण्यासह उत्तीर्ण झाले. (सख्खे भाऊच, त्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं.) त्यांचे आढळलेले गुण: दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ न देणं, न वाचता सही ठोकणं, भिंतीला धडकल्यावर भिंतीलाच समजावणं आणि दुपारची गाढ झोप, जिला शास्त्रात दूरदृष्टी म्हणतात.

वहिनी सपशेल नापास. खरं तर लॉन्ड्रीची कल्पना त्यांचीच. दारावर स्वतःच्या नावाची पाटी लागावी, एवढीच इच्छा. पण परीक्षेत त्यांनी विचारलं, "तिथे पाणी किती वाजता येतं?" शंका! आत्मविश्वासात शून्य गुण.

गाळा अर्थातच दादांना. दादा काउंटरवर झोपत, वहिनी मागे कपडे धूत. धंदा असा चालला की अभ्यासक येऊन दादांच्या झोपेची मापं घेऊन गेले. नव्वद टक्के यश झोपेत सापडलं, बाकीचं घोरण्यात.

एकदा दादा त्या अभ्यासकांना म्हणाले, "हिचं काय, साबण लावायचा नि काढायचा!"

"बरं," वहिनी म्हणाल्या, "मग लावा तुम्हीच."

हात पुसून त्या निघाल्या आणि समोरच्या शेडमध्ये स्वतःच्या नावाने लॉन्ड्री काढली. चक्क परीक्षा न देता! इकडे दादांनी पांढरं-रंगीत एकत्र भिजवलं. वकीलसाहेबांचे सगळे शर्ट गुलाबी. "यात संधी बघा," दादा म्हणाले. साहेबांना ती रस्त्यापलीकडे दिसली. मागोमाग सगळ्यांनाच.

केंद्राने वहिनींची फेरपरीक्षा घेतली. पुन्हा नापास, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नाही! शेवटी सर्वानुमते ठरलं, की गुण नसताना मिळालेलं यश हा अपघात समजावा. वहिनींच्या नावाच्या पाटीखाली आम्ही सूचना लावली: अपघातस्थळी गर्दी करू नये. ती वाचून वहिनी पोट धरून हसल्या आणि तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला.

दादांचं दुकान बुडालं, म्हणजे अनुभव आला. आता ते केंद्राचे मुख्य व्याख्याते आहेत. परवाच्या 'यशस्वी स्वभाव' व्याख्यानाला हॉल खचाखच भरला होता. पहिल्या रांगेत तुम्हीच होतात ना, दादांचं वाक्य न् वाक्य उतरवून घेत? शर्ट काय पांढराशुभ्र होता हो तुमचा! वहिनींकडेच टाकता वाटतं?